गल्ल्यातले सहा लाख आणि पाटीची किंमत

वाचकांचे प्रश्न : धंदा आणि हिशेब

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की दुकान, गिरणी, वर्कशॉप घ्यायचं-विकायचं असेल तर आधी आकडे पाठवा, मग बोलू. आकडे आले. कुणी पाठकोऱ्या कागदावर, कुणी वहीचं पान फाडून, एकाने तर खत कंपनीच्या कॅलेंडरच्या मागे. चार पत्रं घेते. गावांची नावं गाळली आहेत, कारण आपल्याकडे गाव सांगितलं की निम्मे लोक माणूस ओळखतात.

प्रश्न : ताई, नमस्कार. आमच्या गावात अठरा वर्षं जुनं कृषी केंद्र आहे. मालक आता नागपूरला मुलाकडे राहायला चालले. चालू दुकान २४ लाखांत देतो म्हणतात. माल ८ लाख, उधारी ९ लाख, फर्निचर आणि काटा दीड लाख, गुडविल म्हणजे दुकानाच्या नावाचे साडेपाच लाख. जागा त्यांचीच राहील, महिना ६,००० रुपये भाडं. त्यांचं म्हणणं, ‘साठ लाखांचा धंदा आहे, वर्षाला सहा लाख सुटतात, चार वर्षांत पैसे वसूल.’ मी बी.ए. आहे, सध्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर काम करतो. वडिलांची जमीन गहाण ठेवून कर्ज काढायची तयारी आहे. मालाची आणि उधारीची यादी सोबत जोडली आहे. घेऊ का? (आर्णी तालुका)

उत्तर : सातबारा आधी कपाटात ठेवा. मग हे वाचा.

‘सुटतात’ हा आपल्या बाजारातला सगळ्यात फसवा शब्द. बावीस वर्षं मी इथल्या दुकानदारांच्या वह्या लिहिते आहे. कुणालाही विचारा, ‘काय सुटते?’ तो कंपनीचं बिल भरून गल्ल्यात जे उरलं ते सांगतो. खोटं बोलत नाही तो. फक्त त्यातला स्वतःच्या घामाचा भाग कोणता, घरच्या जागेचा कोणता आणि धंद्याचा कोणता, हे त्याने कधी वेगळं केलेलं नसतं. त्याला गरजही नसते. तुम्हाला आहे.

मालकाला जागेचं भाडं पडत नव्हतं. तुम्हाला पहिल्या महिन्यापासून पडेल, वर्षाचे ७२ हजार. काउंटरवर त्यांचा भाचा बसतो असं तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहिलं आहे. त्याला ते दिवाळीला कपडे आणि वेळप्रसंगी पैसे देतात. तुमचा तो भाचा नाही. तुम्हाला पोरगा ठेवावा लागेल, महिन्याला नऊ हजार धरले तरी वर्षाचे १ लाख ८ हजार. तुम्ही स्वतः जिनिंगमधली नोकरी सोडणार. तुमची मजुरी महिना पंधरा हजारच धरू, वर्षाचे १ लाख ८० हजार. उधारीच्या यादीत तीन वर्षांपलीकडची नावं अडीच लाखांची आहेत. ती चार-पाच हंगामांत साचली, म्हणजे दर वर्षी पन्नास-साठ हजार बुडतातच. साठ धरा.

आता वजा करत या. सहा लाखांतून भाडं गेलं, ५ लाख २८ हजार. पोरगा गेला, ४ लाख २० हजार. तुमचा पगार गेला, २ लाख ४० हजार. बुडीत गेलं, १ लाख ८० हजार. आणि माल-उधारी मिळून जे १७ लाख अडकणार, त्यावर बँकेचं ११ टक्के व्याज होतं १ लाख ८७ हजार.

उरले उणे सात हजार.

साडेपाच लाख गुडविल द्यायचं ते कशाचं? मजुरी, भाडं आणि पैशाचं व्याज देऊन वर जे उरतं, त्याला गिऱ्हाईक ‘नाव’ म्हणतो आणि हिशेबनीस ‘गुडविल’. वर काही उरतच नसेल तर साडेपाच लाख मोजून तुम्ही स्वतःलाच पंधरा हजारांच्या नोकरीवर लावून घेताय. जिनिंगमध्ये ती फुकटात आहे.

शिवाय हे सहा लाख कोणत्या साली सुटले? २०१७ साली गुलाबी बोंडअळी आली तेव्हा फवारणीची औषधं खपली, पण त्याच शेतकऱ्यांच्या हातात पुढे कापूस कमी आला. त्या वर्षाची विक्री पाहिली तर दुकान सोन्याचं वाटलं असतं, उधारी पाहिली तर रडू आलं असतं. किमान तीन वर्षांचे आकडे एकत्र पाहायचे. तेही तोंडी नको. प्राप्तिकराची विवरणपत्रं, जीएसटीची विवरणपत्रं आणि ज्या वितरकांकडून माल येतो त्यांच्या खात्याचे उतारे मागा. वितरकाचा उतारा सगळ्यात बोलका असतो, कारण तो मालकाने लिहिलेला नसतो.

उधारीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात मोठा आकडा तोच आहे. तुम्ही पत्र होळीनंतर लिहिलं आहे. आपल्याकडे पेरणीला घेतलेलं बियाणं-खत सोयाबीन निघाल्यावर फिटतं, राहिलेलं कापसावर, त्यातूनही राहिलं तर तुरीवर. होळीपर्यंत तिन्ही विकून झालेलं असतं. मग होळीनंतरही वहीत जे उभं आहे, ते देणाऱ्याकडे पैसे नाहीत म्हणून उभं आहे, किंवा द्यायची इच्छा नाही म्हणून. हेच ९ लाख ऑक्टोबरमध्ये असते तर मी वेगळं बोलले असते. यादीप्रमाणे यंदाचे ४ लाख आहेत, गेल्या सालचे अडीच, तीन वर्षांपलीकडचे अडीच. यंदाच्यातले तीन येतील, गेल्या सालच्यातला एक. जुन्याचं नाव काढू नका. विकलेल्या मालाच्या पैशासाठी कोर्टात जायची मुदत साधारण तीन वर्षांची असते. त्या मुदतीत देणेकऱ्याने लेखी कबुली दिली किंवा थोडे पैसे भरून तशी लेखी नोंद केली, तरच ती नव्याने सुरू होते. वहीत नुसतं नाव आणि आकडा आहे, सही एकाचीही नाही, हे तुम्हीच लिहिलं आहे. म्हणजे ९ लाखांची उधारी फार तर ४ लाखांची.

ती ४ लाखांतही घेऊ नका. उधारी त्यांचीच राहू द्या. वसूल करून देईन, शंभरामागे दहा माझे, असं ठरवा. अठरा वर्षांच्या ओळखीवर त्यांना जे पैसे मिळत नाहीत ते नव्या माणसाला कोण देणार? आणि पहिल्याच वर्षी तुम्ही दारोदार तगादा लावत फिरलात, तर ते गिऱ्हाईक पुढच्या पेरणीला दुसऱ्या दुकानात जाईल.

मालाचे आठ लाख छापील किमतीने धरले आहेत. खरेदी बिलाने धरा, ते ६ लाख ९० हजारांच्या आसपास येतात. यादीत ३८ बाटल्या अशा आहेत की ज्यांची मुदत येत्या जूनला संपते, म्हणजे फवारणी सुरू व्हायच्या आत त्या बाद. कापसाच्या बियाण्याची गेल्या हंगामातली पाकिटंही आहेत. त्यांच्यावरची तारीख वाचा, कंपनी परत घेते का विचारा, नाहीतर शून्य धरा. हे काढलं की ६ लाख २० हजार. खताची पोती मोजताना विक्रीची नोंद करणारं पॉस मशीन सुरू करून शेजारी ठेवा. अनुदानाचं खत २०१८ पासून आधारसारखी ओळख लावून मशीनवरच विकावं लागतं. मशीनवर युरियाची १४० पोती दिसत असतील आणि गोदामात ९६ निघाली, तर ती ४४ पोती कागदावर कुठे गेली याचं उत्तर मालकाने नागपूरला जायच्या आधी द्यायचं आहे. ४५ किलोचं युरियाचं पोतं २६६ रुपये ५० पैशांचं. त्यात सुटतं ते थोडकं, पण चौकशी लागली की जिवाला घोर.

आता जे पहिल्या ओळीत सांगायला हवं होतं ते. ‘परवान्यासकट देतो’ असं ते म्हणत असतील तर तसं देता येत नाही. बियाणं, खत आणि कीटकनाशक, तिन्हींचे कागद त्यांच्या नावाचे आहेत. तुम्हाला तुमच्या नावाने नव्याने काढावे लागतील. जीएसटी क्रमांकही नवा, कारण तो पॅनवर मिळतो. कीटकनाशकाच्या परवान्याला शिक्षणाची अट आहे. कृषीचं किंवा ठरावीक विज्ञान विषयांचं शिक्षण लागतं, नुसत्या बी.ए.वर भागत नाही. तसा शिकलेला माणूस नेमायची वेळ आली तर त्याचा पगार वरच्या हिशेबात धरलेला नाही. सौद्याचं बोलण्याआधी कृषी कार्यालयात जाऊन हे विचारा, आणि उत्तर कागदावर घ्या.

आणि तो भाचा. मालक कंपन्यांच्या मीटिंगांना जात असणार, पण ‘या पानावर काय पडलं?’ म्हणून शेतकरी तुरीचं पान घेऊन येतो तो काउंटरवरच्या माणसाकडे. तुम्ही दुकान घेतलं आणि भाच्याने समोरच्या गाळ्यात शटर उघडलं तर? १८७२ च्या करार कायद्यात धंदा न करण्याचं बंधन सहसा टिकत नाही. पण गुडविल विकणाऱ्याने ठरावीक हद्दीत तोच धंदा करणार नाही असं लिहून दिलं तर ते चालतं, ही त्यातली सूट आहे. मात्र विकणारे मामा आहेत, भाचा नव्हे. मामाने लिहून दिलेलं भाच्याला बांधत नाही.

मी तुमच्या जागी असते तर बोलणी सव्वासात लाखांवर सुरू केली असती. चांगला माल ६ लाख २० हजार, फर्निचर-काट्याला एक लाख पाच हजार. गुडविल आज शून्य. पुढच्या होळीला विक्री साठ लाखांच्या वर गेली असली तर एक लाख देईन, असं लिहून द्यायला हरकत नाही. ते चिडतील. चिडू द्या, नागपूरला त्यांना जायचं आहे. आणि ‘अर्धे रोखीत द्या’ म्हणाले तर नाही म्हणा. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, आणि देणाऱ्याच्या हातात पुरावा उरत नाही.

प्रश्न : आम्ही दोघं भाऊ वडिलांच्या पश्चात वर्कशॉप चालवतो. वखर, डवरे, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो, दुरुस्ती करतो. दोघंही वेल्डिंग करतो. मी आता बायको-मुलांना घेऊन अमरावतीला जायचं ठरवलं. मोठे दादा म्हणतात, वहीत यंत्रांची किंमत १ लाख १८ हजार आहे, तुझे ५९ हजार होतात, घे आणि जा. वर म्हणतात की मोठा म्हणून देखरेख मीच केली, त्याचा पगार मी कधी घेतला नाही. कागद काहीच केलेला नाही. दादाशी भांडण नको आहे, पण ५९ हजार मनाला पटत नाहीत. (मोर्शी तालुका)

उत्तर : पटू नयेत असेच आहेत.

वहीतला आकडा बाजारभाव नसतो, तो करासाठी असतो. यंत्रांवर दर वर्षी १५ टक्के घसारा, म्हणजे झिजेपोटी किंमत कमी धरायची, तोही उरलेल्या किमतीवर. सहा लाखांची यंत्रं दहा वर्षांनी वहीत बरोबर १ लाख १८ हजारांवर येतात. म्हणजे दादा खोटं सांगत नाहीत, चुकीचं पान उघडून सांगतात. लेथ, वेल्डिंग सेट, ड्रिल, कटर आज अमरावतीच्या जुन्या यंत्रांच्या बाजारात कितीला जातील ते दोन ठिकाणी विचारा. तुमच्या यादीवरून मी तीन लाख धरते. पडलेलं लोखंड ६० हजार, लोकांकडून येणं ९० हजार, देणं ५० हजार. झाले चार लाख.

आता नावाचं. तुम्ही लिहिता की दोघांना मिळून वर्षाला ५ लाख ४० हजार सुटतात. तुमच्यासारख्या कारागिराला दुसरीकडे महिना १८ हजार मिळतील, दोघांचे वर्षाचे ४ लाख ३२ हजार. घरच्या शेडचं भाडं तीन हजारांनी ३६ हजार. उरले ७२ हजार. कृषी केंद्रात उरलं नव्हतं, इथे उरलं. हे वर्कशॉपच्या नावाचं. त्याचे किती वर्षांचे पैसे मागायचे? माल बनवणाऱ्या हातावर धंदा चालत असेल तर कमी मागावे. चारापैकी दोन हात तुमच्याबरोबर अमरावतीला चालले आहेत, हे दादांनाही दिसतं. दोन वर्षांचे धरा, १ लाख ४४ हजार. एकूण ५ लाख ४४ हजार, तुमचा निम्मा वाटा २ लाख ७२ हजार. जागा वडिलोपार्जित असेल तर तिचा हिशेब वेगळा, तो यात मिसळू नका.

कागद नाही म्हणून घाबरू नका, तोंडी भागीदारीही भागीदारीच असते. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे काही ठरलेलं नसेल तर नफा सारखा, आणि कुणालाही पगार नाही. दादांच्या देखरेखीच्या पगाराचं त्यात उत्तर आहे. अजून एक कलम त्यांना हळूच ऐकवा : निघालेल्या भागीदाराचा हिशेब चुकता न करता दुसऱ्याने धंदा चालू ठेवला, तर निघालेल्याला त्याच्या पैशाच्या प्रमाणात नफ्याचा वाटा मागता येतो, किंवा त्या पैशावर सहा टक्के व्याज. ‘ऐकवा’ म्हणते, नोटीस पाठवा म्हणत नाही. रक्कम तीन हप्त्यांत घ्या, पहिला आता, पुढचे दोन ट्रॉल्यांच्या हंगामात. वर्कशॉपला एकरकमी पावणेतीन लाख झेपणार नाहीत, आणि दादांचं वर्कशॉप बसलं तर तुमचे हप्तेही बसतील.

हे लिहिताना माझ्या वडिलांची तेलघाणी आठवते आहे. जवस, तीळ, करडई घेऊन लोक बैलगाडीने यायचे. वाटेत दुसरी घाणी होती, तरी पुढे येऊन आमच्याकडेच थांबायचे, कारण वडील ढेप मोजून परत द्यायचे आणि तेलाच्या डब्याचं तोंड गिऱ्हाइकासमोर बंद करायचे. १९९८ साली त्यांचे गुडघे गेले, घाणी विकायची ठरली. अंगणात बाजेवर बसून सौदा झाला. लोखंडाचं वजन किती, मोटार किती वर्षांची, एवढंच बोलणं. मी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते, गुडविल काढायची गणितं पुस्तकात सोडवत होते, आणि चहा देऊन आत गेले. घेणाऱ्याने जाता जाता विचारलं, पाटी राहू द्यायची का? वडील म्हणाले, ‘राहू दे ना, आपलं काय जाते!’ पुढची अकरा वर्षं ती पाटी तिथेच होती, वडिलांच्या नावाची. मधे त्याने दोनदा रंगवून घेतली.

तुमच्या वर्कशॉपच्या ट्रॉल्यांवर मागे वडिलांचं नाव रंगवता असं तुम्ही लिहिलंय. ते नाव पुढे कोण वापरणार, हे कागदात लिहा.

प्रश्न : माझं किराणा दुकान आहे. वर्षाला सात-आठ लाखांचा नफा आहे. दुकान वाढवायला १५ लाखांचं कर्ज मागितलं तर बँकेने माझी विवरणपत्रं पाहून चार लाखांवर आणलं. दुकानाचं व्हॅल्युएशन करून दिलं तर मिळेल का? (दारव्हा तालुका)

उत्तर : नाही. विवरणपत्रात तुम्ही नफा अडीच लाख दाखवला आहे, बँक त्यावरच कर्ज देणार. इंजिनिअरकडून मूल्यांकन होतं ते जागेचं आणि बांधकामाचं. बँक ते तारणासाठी वापरते. हप्ता मात्र नफ्यातून फिटतो, आणि तुमचा नफा तुम्हीच सही करून अडीच लाख सांगितला आहे. कर वाचवताना एक आकडा आणि कर्ज मागताना दुसरा, असे दोन्ही चालत नाहीत. दुकान विकायला काढाल तेव्हाही घेणारा हीच विवरणपत्रं मागेल. निदान मी त्याला मागायला सांगेन. यंदापासून खरा आकडा भरा, यूपीआयचे पैसे घरच्या खात्यात न घेता धंद्याच्या खात्यात घ्या, आणि दोन वर्षांनी पुन्हा अर्ज करा.

प्रश्न : मी आणि यजमान घरी मिनी दालमिल चालवतो, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या पद्धतीची. गावची तूर किलोमागे सहा रुपयांनी भरडून देतो. फेब्रुवारी ते मे, शंभर दिवस, रोजची पाच क्विंटल. वीज, गडी, तेल जाऊन १ लाख ८० हजार हाती येतात. एप्रिलमध्ये गर्दी होते, लोक परत जातात. ६ लाखांचं दुसरं यंत्र घ्यायचा विचार आहे, ३५ टक्के अनुदान आहे म्हणे. घ्यावं का? (समुद्रपूर तालुका)

उत्तर : अनुदान आहे म्हणून यंत्र घ्यायचं, हे लग्नात आहेर मिळतो म्हणून लग्न करण्यासारखं आहे.

प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के आहे, जास्तीत जास्त १० लाख, हे खरं. पण ते हातात येत नाही. आधी कर्ज, त्यात तुमचे किमान दहा टक्के, आणि अनुदान बँकेतच बाजूला राहतं. तीन वर्षं कर्ज नीट फेडलं आणि धंदा चालू राहिला की मग कर्जात वळतं होतं. अर्ज भरण्याआधी योजनेची मुदत तपासा. आणि पहिली तीन वर्षं अनुदान नाहीच असं समजून हिशेब मांडा. ६० हजार तुमचे, ५ लाख ४० हजारांचं कर्ज, ११ टक्के, पाच वर्षं. हप्ता महिना ११ हजार ७४०, वर्षाचा १ लाख ४० हजारांच्या वर. हप्ता बारा महिने, तूर चार.

नव्या यंत्रावर नवं काम किती येईल? गर्दी एप्रिलच्या आगेमागेचीच. चाळीस दिवस रोज तीन क्विंटल जास्त धरले तर १२० क्विंटल, ७२ हजार रुपये. वीज आणि गडी तीस हजार गेले, उरले ४२ हजार. ४२ हजारांसाठी १ लाख ४० हजार भरायचे? आधीच्या १ लाख ८० हजारांत तुम्हा दोघांची मजुरीसुद्धा धरलेली नाही, नवरा-बायको आणि शंभर दिवस. माणशी दिवसाला ४०० धरले तरी ८० हजार तीच होते. म्हणजे आहे त्या यंत्रावर धंद्याचे म्हणून एक लाख उरतात, आणि ते चांगलेच आहेत. त्या एका लाखावर हा हप्ता लादू नका.

पैसा लावायचाच असेल तर तुरीत लावा. आवक जास्त असते तेव्हा फेब्रुवारीत वीस क्विंटल स्वतःची घ्या, गर्दी नसलेल्या दिवसांत भरडा, आणि पावसाळ्यात किलो-दोन किलोच्या पिशव्या भरून डाळ विका. क्विंटलमागे सत्तर किलोच्या आसपास डाळ पडते, चुरी आणि भुसा वेगळा, तो गोठ्यांना विकला जातो. वीस क्विंटलमध्ये भाव पडला तरी घर बसत नाही, आणि घरच्या डाळीला गिऱ्हाईक किती लागतं ते एका पावसाळ्यात कळतं. अन्न परवान्याच्या नोंदणीचा क्रमांक पिशवीवर लागेल, तो आधी काढा.

येत्या एप्रिलमध्ये यंत्राशेजारी एक वही टांगा. जो माणूस तूर परत घेऊन जाईल त्याचं गाव, किती किलो, आणि ‘परवा या’ म्हटल्यावर तो परत आला की नाही, एवढंच त्यात लिहा. माझा अंदाज, निम्म्याहून जास्त परत आलेले असतील. जूनमध्ये ती वही माझ्याकडे पाठवा.